ऐंशीच्या दशकातली मुंबईची माइल्ड बिअर घरी बनवताना चव कुठे चुकते?

हडसनकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुक्काम न्यू जर्सी. इथे घरी बिअर बनवायला कायद्याने परवानगी आहे, सामानही मिळतं. मला बनवायची आहे ती १९८० ते १९९० च्या दरम्यान मुंबईत परमिट रूममध्ये मिळायची तशी माइल्ड बिअर. लंडन पिल्सनर, गोल्डन ईगल, कल्याणी ब्लॅक लेबल, जुनी किंगफिशर या घराण्यातली: फिकट पिवळी, हलकी, जरा गोडसर, कडूपणा जेमतेम. ६५० मिलीची तपकिरी बाटली, बाहेर दव धरलेलं.

आत्तापर्यंत जी कृती वापरली तिच्यात शंभर टक्के जर्मन पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) आणि साझ जातीचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) होते. बिअर स्वच्छ झाली, पण फार भरीव आणि फार कडू. ती जर्मनीची झाली, मुंबईची नाही. साधनं अशी: ३० लिटरचं स्टीलचं पातेलं, थर्मोस्टॅट लावलेला जुना फ्रिज, गाळण्यासाठी जाळीचा डबा, हायड्रोमीटर.

विचारायचं ते असं:
१. तांदूळ घालायचा की मका? किती, आणि शिजवून की तसाच?
२. जुन्या चवीतला तो गोडसरपणा कशामुळे यायचा? साखर की आणखी काही?
३. ग्लिसरीन घालायचे म्हणतात. त्याशिवाय ती चव येणारच नाही का?
४. स्ट्राँग करायची झाल्यास काय बदलायचं?

---

रसायनी

हडसनकाठ, आधी एक गोष्ट ठरवून घ्या. तुम्हाला ब्रुअरीतून ताजी निघालेली बिअर हवी आहे, की दुकानाच्या माळ्यावर दोन उन्हाळे काढलेली? आपल्याकडे बहुतेकांच्या जिभेवर दुसरीच बसली आहे. बाटली पाश्चराइझ करताना तापायची, मग बिनवातानुकूल ट्रकमधून यायची, गोदामात ३५-३८ अंशांत पडून राहायची. बिअर बिघडण्याच्या क्रिया दर १० अंशांना साधारण दुपटी-तिपटीने वेगात होतात. त्यातून आधी मधासारखा गोडवा येतो आणि मग ओल्या पुठ्ठ्याची चव. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. तो गोडसरपणा काही अंशी कमी हॉप्सचा होता, काही अंशी म्हातारपणाचा. आधी ताजी नीट बनवा. म्हातारी करणं सोपं आहे, ते शेवटी सांगतो.

उरलेलं अर्धं उत्तर माल्टमध्ये. भारतात त्या काळी माल्टसाठी जो सातू (जव) यायचा तो मुख्यतः सहा ओळींचा. कणसाच्या दांड्याभोवती दाण्यांच्या सहा ओळी असतात. दाणा बारीक, फोलपट जास्त, प्रथिनं जास्त आणि स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्सही जास्त. दोन ओळींच्या जर्मन माल्टचा दाणा टपोरा, प्रथिनं बेताची. नुसत्या सहा ओळींच्या माल्टची बिअर जड, गढूळ आणि तुरट होते, म्हणून सोबत तांदूळ, मका, साखर घालून ती हलकी करायची. वरची एन्झाइम्स तांदळाचा स्टार्चही फोडतात. म्हणजे तांदूळ हा निव्वळ काटकसरीचा मामला नाही, या माल्टला जोडीदार लागतोच. अमेरिकेतही हेच झालं. तिथल्या जुन्या लागर (थंडीत आंबवलेल्या बिअर) सहा ओळींचा माल्ट अधिक मका किंवा तांदूळ अशाच आहेत. त्यामुळे तुम्हाला तो माल्ट होमब्रूच्या दुकानात सहज मिळेल. ‘सिक्स-रो’ म्हणून मागा.

ही कृती कुठल्या एका ब्रँडची नव्हे, त्या घराण्याची आहे. २० लिटरसाठी:

सहा ओळींचा फिकट माल्ट ३ किलो
तांदळाची कणी ७०० ग्रॅम
साधी साखर २५० ग्रॅम
क्लस्टर हॉप्स, अल्फा (कडू आम्लं) ७ टक्के, १८ ग्रॅम, ६० मिनिटं
हॅलरटाउ किंवा साझ, अल्फा ४ टक्के, १० ग्रॅम, शेवटची १० मिनिटं
डब्ल्यू-३४/७० हे कोरडं लागर यीस्ट, साडेअकरा ग्रॅमची २ पाकिटं

सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाणी १.००० धरून हायड्रोमीटरने मोजलेली घनता) १.०४६, शेवटची १.००९ च्या आसपास, अल्कोहोल पावणेपाच ते पाच टक्के, कडूपणा १७ आयबीयू (कडूपणाचं एकक).

कणी तुमच्याकडे ओक ट्री रोडवरच्या कुठल्याही भारतीय किराणा दुकानात मिळेल. जाडसर तांदळाचा रवाही चालेल. इडली रवा मात्र नको, तो बहुधा उकड्या तांदळाचा असतो, शिजायला वेळ घेतो आणि त्याचा वास बिअरला लागतो. आंबेमोहोर-बासमतीवर पैसे घालवू नका, सुगंध उकळीत उडून जातो.

कणी शिजवणं हीच खरी कामगिरी आहे. तांदळाचा स्टार्च माल्टपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, त्यामुळे कच्ची कणी ६५ अंशांच्या मॅशमध्ये (गरम पाण्यात कालवलेल्या माल्टमध्ये) टाकली तर ती तशीच्या तशी चोथ्यात जाते. तीन किलोतला ३०० ग्रॅम दळलेला माल्ट बाजूला काढा. तो आणि कणी ४ लिटर पाण्यात घालून ७० अंशांवर २० मिनिटं ठेवा. माल्टमुळे पेज पातळ राहते, नाहीतर पातेल्यात खळ तयार होते. मग उकळी आणा आणि ३० मिनिटं शिजवा. या वेळात पातेल्यापासून हलू नका. पिठल्यासारखं रटरटतं, हातावर उडतं आणि तळाला लागतं. लांब दांड्याचं लाकडी उलथणं घेऊन तळ सतत खरवडत राहा. एकदा करपलं की तो वास शेवटच्या घोटापर्यंत सोबत येतो, त्यावर इलाज नाही.

कणी उकळायला लागून १० मिनिटं झाली की दुसऱ्या भांड्यात उरलेला २.७ किलो माल्ट ५४ अंशांच्या ८ लिटर पाण्यात कालवा. तापमान ५० वर येऊन थांबेल. २० मिनिटांनी उकळती कणी त्यात ओता आणि ढवळा. सगळं मिळून ६५ अंशांवर येतं. दोन अंश इकडेतिकडे झालं तर गार किंवा उकळतं पाणी कपाकपाने घालून जुळवा. झाकून तासभर ठेवा.

तास झाला की पांढऱ्या बशीत चमचाभर रस घ्या, फोलपट येऊ देऊ नका, आणि टिंक्चर आयोडीनचा एक थेंब सोडा. रंग आयोडीनचाच राहिला, पिवळट-तांबूस, तर स्टार्च संपला. निळा-काळा झाला तर आणखी १५ मिनिटं थांबा. फोलपट असलं तर ते तसंही काळं होतं आणि फसवतं.

मग गाळा. वरून ७५ अंशांचं १७ लिटर पाणी हळूहळू सोडून चोथा धुवा आणि २५ लिटर रस जमवा. झाकण न ठेवता ९० मिनिटं उकळा. फिकट माल्टमध्ये असा एक पदार्थ असतो की उकळीत त्यापासून गंधकाचं एक संयुग बनतं आणि वाफेबरोबर निघून जातं. झाकण ठेवलं तर ते परत पातेल्यात गळतं आणि बिअरला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा, कोबीचा वास येतो. साखर शेवटच्या १५ मिनिटांत, आच बंद करून विरघळवा आणि पुन्हा पेटवा. उकळत्यात टाकाल तर उतू जाईल आणि तळाला जळेल.

१२ अंशांपर्यंत गार करून मगच यीस्ट घाला. फ्रिजचा सेन्सर हवेत लटकवू नका. तो पिंपाच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा लावा. जोरात आंबत असताना आतला रस हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम असतो, आणि तुम्हाला १२ हवे आहेत ते आतले. आठवडाभराने ग्रॅव्हिटी १.०१८ ला आली की १७ अंशांवर नेऊन तीन-चार दिवस ठेवा, मग रोज दोन अंश उतरवत १-२ अंशांवर चार आठवडे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक स्पष्ट सांगतो. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेत संघीय कायद्याने १९७९ पासून मुभा आहे: घरात एक सज्ञान असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि विकायची नाही. ही कृती तिथल्यासाठी आहे.

---

कोंडा_आणि_कणी

रसायनीदादांची कृती चोख आहे. तीन बारीक गोष्टी जोडतो.

५० अंशांचा टप्पा २० मिनिटांच्या पुढे लांबवू नका. सहा ओळींच्या माल्टमध्ये प्रथिनं जास्त म्हणून तो टप्पा उपयोगी, गढूळपणा कमी होतो. पण तासभर ठेवला तर फेस धरणारी प्रथिनंही तुटतात आणि ग्लासात ओतलेली बिअर मिनिटभरात सोड्यासारखी बोडकी दिसते. म्हणून कणीची वेळ आधी सांभाळा, माल्ट तिच्या मागून.

दळण. तुमची गिरणी जर्मन माल्टच्या टपोऱ्या दाण्यावर लावलेली असेल. सहा ओळींचा दाणा बारीक, त्यातले निम्मे न फुटता खाली पडतील. गिरणीच्या रोलरांमधली फट १ मिलिमीटरच्या आसपास आणा. त्याहून घट्ट केली तर फोलपटाचा चुरा होतो, गाळण तुंबतं आणि तुरटपणा उतरतो. चिमूटभर हातात घेऊन पाहा: आतला पिठूळ भाग तीन-चार तुकड्यांत हवा, फोलपट होडीसारखं अखंड. गाळताना तेच फोलपट तुमची चाळण असतं, आणि तांदळाला फोलपट नसतं हे विसरू नका.

पाणी. मुंबईचं तलावांचं पाणी मृदू. तुमच्या नळाला क्लोरामाइन (जंतू मारायला घालतात ते क्लोरीनचं संयुग) असण्याची शक्यता आहे, ते उकळून सहज जात नाही. २५ लिटरला कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी चुरून घाला, काही मिनिटांत काम होतं. नाही घातली तर क्लोरीन आणि माल्टमधली फिनॉलं मिळून दवाखान्यातल्या पट्टीचा वास येतो. हा वास अगदी कमी प्रमाणातही जाणवतो, आणि नवखी मंडळी दोष यीस्टला देतात. पाणी फारच मृदू असेल तर ५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला. २५ लिटरमध्ये लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम होतं, तेवढं यीस्टला आणि मॅशला पुरतं. जिप्सम नको. त्यातल्या सल्फेटने कडूपणा टोकदार होतो आणि तोच तुम्हाला नको आहे. चोथा धुताना शेवटचा रस १.०१० च्या खाली उतरला तर थांबा, पुढे नुसता तुरटपणा येतो.

क्लस्टर हॉप्सची निवड मला फार आवडली. आपल्याकडे हॉप्स हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात होतात आणि तिथल्या जातींत लेट क्लस्टर, गोल्डन क्लस्टर आहेत. साझचा नाजूक मसाल्याचा वास या बिअरचा नव्हेच. क्लस्टरचा कडूपणा जरा रांगडा असतो, पण १७ आयबीयूत तो पाठीमागे उभा राहतो, पुढे येत नाही.

---

हडसनकाठ

दोघांचे मनापासून आभार. एवढं नेमकं कुणी लिहिलं नव्हतं. मका घेतला तर काय फरक पडेल? आणि १७ अंशांवर नेण्याचं कारण कळलं नाही. ग्लिसरीनचं आणि स्ट्राँगचं राहिलं.

---

रसायनी

मका: चव गोल होते, किंचित कणसासारखी. तांदूळ काही चव देत नाही, नुसता हलकेपणा देतो. फ्लेक्ड मका आधीच वाफवून चेपलेला असतो, तो वेगळा न शिजवता थेट मॅशमध्ये जातो. पहिल्यांदा करताना कणीचा व्याप नको असेल तर ७०० ग्रॅम फ्लेक्ड मका घ्या आणि सगळा माल्ट एकदमच ६५ वर भिजवा. लंडन पिल्सनरच्या बाजूला झुकायचं असेल तर मी तांदूळच घेईन.

१७ अंश कशासाठी: आंबताना यीस्ट एक पदार्थ बाहेर टाकतं, त्यापासून पुढे डायअॅसिटिल होतं. त्याचा वास लोण्यासारखा, पॉपकॉर्नवरच्या बटरसारखा. यीस्ट तो नंतर परत खातं, पण थंडीत ते सुस्तावतं, म्हणून ऊब द्यायची. झालं की नाही हे बघायला दोन ग्लासांत नमुना घ्या, दोन्हींवर फॉइल बांधा. एक ग्लास ६०-६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग गार करून दोन्ही हुंगा. दोन्हींना वास नाही, तर उतरवा. फक्त तापवलेल्याला लोण्याचा वास आला तर अजून दोन दिवस थांबा. दोन्हींना येत असेल तर ऊब द्यायला तुम्ही उशीर केला आहे, आठवडा लागेल.

स्ट्राँग: हेवर्ड्स ५००० या स्ट्राँग बिअरच्या अंगाने जायचं तर माल्ट ३.६ किलो, कणी तेवढीच, साखर ७५० ग्रॅम. ग्रॅव्हिटी १.०६२, शेवट १.००८, अल्कोहोल ७ टक्क्यांच्या आसपास. हॉप्स तेवढेच राहू द्या. कणीचं पाणी न वाढवता माल्टकडे २ लिटर पाणी वाढवा आणि ते ५८ अंशांचं घ्या, म्हणजे सुरुवात ५२ वर होऊन एकत्र केल्यावर ६३-६४ मिळेल. धुण्याचं पाणी दीड लिटर कमी.

यीस्टची पाकिटं तीन घ्या. इथे लोक पाकीट वाचवतात आणि तिथेच बिअर नासते. एवढ्या साखरेत थोडं यीस्ट पडलं किंवा पहिल्या चार दिवसांत तापमान चढलं की जड अल्कोहोलं तयार होतात. नाकात थिनरसारखी झिणझिण येते. पहिले चार दिवस १२ च्या वर जाऊ देऊ नका. साखरेचा दुसरा धोका उलट दिशेचा आहे. ती पूर्ण आंबून जाते, मागे काही राहत नाही, त्यामुळे २० टक्क्यांच्या पुढे गेली की बिअर पाण्यासारखी पातळ आणि दारूसारखी गरम लागते. वरच्या मापात ती १५ टक्के आहे. तिथेच थांबा.

---

पेठ_३०

ग्लिसरीनबद्दल लिहितो, कारण हा समज चार पिढ्या चालत आला आहे आणि त्याचा ‘पुरावा’ म्हणून एक प्रयोग दाखवला जातो. बाटली उघडून अंगठा लावून उलटी करायची, तोंड पाण्याच्या ग्लासात बुडवून अंगठा काढायचा. बाटलीतून पाकासारखी तार खाली उतरताना दिसते. बघणारा म्हणतो, हे बघा ग्लिसरीन निघालं. मग तीच बाटली सुलटी करून ‘शुद्ध’ बिअर प्यायची.

तार खरी असते. पण ती बिअरचीच असते. आंबून संपलेल्या बिअरची ग्रॅव्हिटी १.००८ ते १.०१२, म्हणजे पाण्यापेक्षा जड. जड द्रव खाली उतरतो, हलकं पाणी त्याच तोंडातून वर बाटलीत शिरतं. दोन्हींतून प्रकाश वेगवेगळा वळतो म्हणून सीमेवर लहरी दिसतात, साखर विरघळताना चहात दिसतात तशा. पाच मिनिटं धरलीत तर बाटलीत बिअरऐवजी पाणी घातलेली बिअर उरते. ती सौम्य लागते आणि ‘ग्लिसरीन गेलं’ अशी खात्री पटते.

पडताळा घ्या. ६५० मिलीच्या रिकाम्या बाटलीत १५ ग्रॅम साखर आणि गार केलेला कोरा चहा भरून साखर पूर्ण विरघळवा. ग्लासातलं पाणी त्याच तापमानाचं हवं, कारण गार द्रव गरमपेक्षा जड असतो आणि नुसत्या तापमानानेही तार दिसते. उलटी करा. अगदी तशीच तार येईल, तपकिरी रंगामुळे आणखी ठळक. त्यात ग्लिसरीनचा थेंब नाही.

आणि ग्लिसरीन हे यीस्ट स्वतःही बनवतं. कुठल्याही बिअरमध्ये, जर्मन असो की मुंबईची, लिटरमागे एक ते दोन ग्रॅम असतं. तुमच्या पिंपात ते आपोआप येणार आहे. बाहेरून घालून पाहायचं असेल तर ग्लासात घालून बघा, पिंपात नको: २०० मिलीला अर्धा ग्रॅम खाद्य प्रतीचं ग्लिसरीन. लागलंच तर किंचित गोड आणि गुळगुळीत लागेल, पण आठवणीतली चव येणार नाही. ती माल्ट, तांदूळ आणि उष्णतेची आहे, रसायनी यांनी सुरुवातीलाच सांगितलं तेच.

---

साष्टीकार

बाटलीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. आमच्या गोव्याची जुनी आर्लेम, किंग्ज, किंवा मुंबईची कुठलीही घ्या, बाटली नवी क्वचितच असायची. भंगारवाल्याकडून परत जायची, धुऊन पुन्हा भरायची. खांद्यावर आणि बुडाशी पांढरा घासलेला पट्टा असायचा. ब्रुअरीत भरताना सरकत्या पट्ट्यावर बाटल्या एकमेकींना घासतात त्याची ती खूण, आणि खूण जितकी रुंद तितक्या फेऱ्या जास्त.

आठवण म्हणून अशा जुन्या बाटल्या कुणी मिळवल्या असतील तर शोकेसमध्ये ठेवा, भरू नका. घासलेली काच तिथेच तडकते. ब्रुअरीत भरताना दाब मोजून असतो. घरी बाटलीत साखर घालून फेस आणायचा म्हणजे दाब आत वाढत जातो आणि कुणाला दिसत नाही. अमेरिकेत २२ औंसाची तपकिरी बाटली मिळते, ती म्हणजे आपली ६५० मिलीच. साधा २६ मिलिमीटरचा बिल्ला बसतो.

साखरेचं माप: १९ लिटर बिअरला साधी साखर १२० ग्रॅम. कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार करून आधी रिकाम्या बादलीत ओता, मग बिअर वरून नळीने सोडा, म्हणजे सारखी मिसळते. हे माप १७ अंशांपर्यंत उबवलेल्या बिअरचं आहे. नंतर कितीही थंड केली तरी हिशोबात १७ च धरा, कारण उबेत निघून गेलेला वायू थंडीने परत येत नाही. १९-२० अंशांत दोन आठवडे, मग फ्रिज. शेवटची ग्रॅव्हिटी दोन दिवस सलग तीच आल्याशिवाय बाटलीत भरू नका. आंबणं बाकी असताना वर साखर घातली की बाटल्या फुटतात.

घरी पाश्चराइझ करण्याच्या फंदात पडू नका. ब्रुअरीत बाटल्या पाण्याच्या फवाऱ्यांखालून जातात, ६० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने चढतात आणि तशाच उतरतात. ६० अंशांत आतला दाब खोलीच्या तापमानाच्या दुपटीहून जास्त होतो. स्वयंपाकघरात टोपात बाटली ठेवून हे करणं म्हणजे बॉम्ब शिजवणं आहे.

आणि हिरवी बाटली घेऊ नका. ऊन हॉप्समधल्या कडू द्रव्याला फोडतं आणि गंधकाचं एक संयुग बनतं, त्याचा वास कुजका. थेट उन्हात काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच तो प्रकाश बराचसा अडवते. शॅकवर टेबलावर उन्हात ठेवलेल्या ग्लासाला मात्र कुठलीच काच वाचवत नाही.

---

हडसनकाठ

फारच उपयोगी. शेवटची शंका: म्हातारी कशी करायची, आणि जुळली हे ठरवायचं कसं? भारतातून येणारा कुणीतरी लंडन पिल्सनर किंवा कल्याणी आणू शकेल, तिच्याशी तुलना करावी का?

---

रसायनी

आणा, पण तिला अंतिम कसोटी मानू नका. आपल्याकडे राज्याराज्यांचा अबकारी कर वेगळा, परराज्यातून बिअर आणणं महाग पडतं, म्हणून एकच नाव अनेक गावांत बनतं. कल्याणी हे नाव बंगालमधल्या गावाचं, पण तुमच्या हातातली बाटली तिथलीच असेल असं नाही. लेबलवर बारीक अक्षरात ब्रुअरीचं गाव आणि भरल्याचा महिना असतो, तो वाचा. नावंही हात बदलत गेली. लंडन पिल्सनर आता किंगफिशरच्याच घरात आहे. जुनी गोल्डन ईगल मोहन मिकिनची, आणि मुंबईजवळ खोपोलीला मोहन रॉकी स्प्रिंगवॉटर ब्रुअरी होती. खोपोलीच्या डोंगराचं पाणी आणि औरंगाबादजवळच्या वाळूजचं पाणी एक नव्हे. सातूही बदलला. कर्नालच्या संशोधन संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात दोन ओळींच्या माल्टजोग्या जाती दिल्या, तेव्हापासून टपोरा दाणा ब्रुअऱ्यांकडे जाऊ लागला. म्हणजे आजची बाटली लेबलने जुनी, आतून नवी. तुमच्या पिंपातली सहा ओळींची कदाचित जास्त जवळ जाईल.

म्हातारी करायला: सहा बाटल्या घ्या. तीन फ्रिजमध्ये. तीन ३८ अंशांच्या जागी, आठवडाभर. झाकण असलेला प्लास्टिकचा डबा, कोमट पाणी आणि तापमान धरून ठेवणारा हीटर असला की झालं. बाटली उभी ठेवा आणि डब्याचं झाकण बंदच असू द्या, दाब वाढलेला असतो. पहिली तिसऱ्या दिवशी काढा, दुसरी पाचव्या, तिसरी सातव्या. मग तिन्ही दोन दिवस फ्रिजमध्ये. तिसऱ्या दिवसाचीत बहुधा मधाचा गोडवा नुकता चढलेला असतो आणि पुठ्ठा अजून आलेला नसतो. अनेकांना ‘हीच ती’ वाटते ती हीच.

चव बघण्याची रीत: तीन सारखे ग्लास, दोनात ताजी, एकात तापवलेली, ओतणारा एक आणि चाखणारा दुसरा. वेगळा ग्लास कोणता एवढंच आधी विचारा. तो ओळखता आला नाही तर पुढची चर्चा फुकट. ग्लास सोड्याने घासून नळाखाली खळखळून धुवा, फडक्याने पुसू नका, तेलाचा अंश राहतो आणि फेस बसतो. बिअर ४ अंशांवर ओता, आपल्याकडे ‘चिल्ड’ म्हणून यायची ती साधारण तशीच. त्याच बाटलीतला घोट १० अंशांवर पुन्हा घ्या. थंडीत लपलेला दोष तिथे उघडा पडतो, आणि कृतीत काय बदलायचं ते त्या घोटावरूनच ठरवा.

---

कोंडा_आणि_कणी

आणि चकणा पहिल्या फेरीत नको. मसाला शेंगदाण्याचं तेल ओठाला लागलं की फेस गेला, आणि मिठा-तिखटामागे कुठलीही बिअर गोड लागते. दुसऱ्या फेरीत मात्र नक्की ठेवा: खारे शेंगदाणे, कांदा, लिंबू, मिरची. ती बिअर त्या ताटलीबरोबर प्यायची होती, आणि १७ आयबीयू तिच्यासमोर कमी पडतात की पुरतात हे तिथेच कळेल. कमी वाटले तर पुढच्या घाण्याला क्लस्टर १८ चे २२ ग्रॅम करा, बाकी काही हलवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.